लाइटला माणूस कशाला?

"आता सगळं कॉम्प्युटरवर आहे ना, मग लाइटला वेगळा माणूस कशाला?" हे मी निर्मात्यांकडून ऐकलंय, एकांकिका बसवणाऱ्या मुलांकडून ऐकलंय. दौऱ्याच्या खर्चाला कात्री लावायची वेळ आली की पहिलं बोट लाइट ऑपरेटरकडे जातं. म्हणून हे एकदा नीट सांगायला हवं.

लाइटचं सॉफ्टवेअर मुख्यतः दोन कामं करतं. कोणता दिवा किती टक्क्यांवर आहे हे लक्षात ठेवतं आणि एका क्यूमधून, म्हणजे ठरवून साठवलेल्या प्रकाशस्थितीतून, दुसऱ्या क्यूमध्ये ठरलेल्या सेकंदांत नेतं. कधी न्यायचं, हे मात्र माणूसच सांगतो. 1975 साली ब्रॉडवेवर 'अ कोरस लाइन'साठी थॅरन मसर यांनी स्मृती असलेला संगणकीय बोर्ड वापरला. तोवर तिथे डिमरच्या दांड्या ओढायला अनेक हात लागत. ते काम बोर्डाने सोपं केलं. पण क्यू सोडायला सांगणारा स्टेज मॅनेजर आणि बटणावर बोट ठेवून बसलेला ऑपरेटर तिथे पन्नास वर्षांनंतरही आहेतच.

एका स्पर्धेत मुलांनी सगळे क्यू टायमरवर बांधले होते. तालमीत नायिकेला पत्र वाचायला 40 सेकंद लागत, म्हणून 41व्या सेकंदाला अंधार. प्रयोगात समोर भरलेलं सभागृह. तिने शेवटच्या ओळीआधी कागद खाली घेतला, श्वास घेतला, थांबली. तालमीत कधीच न सापडलेला तो थांबा होता. आणि अंधार झाला. शेवटची ओळ तिने काळोखात म्हटली. सॉफ्टवेअर चुकलं नव्हतं, त्याने सांगितलेलं काम चोख केलं. त्या मुलीचा श्वास ऐकणारं तिथे कुणी नव्हतं, एवढंच. हशा किती लांबेल, टाळी कुठे पडेल, हे रोज बदलतं. मग टायमर कुठे बांधायचा? रेकॉर्ड केलेल्या गाण्यावर, विजेच्या लखलखाटावर, पाच मिनिटं हळूहळू उजाडणाऱ्या पहाटेवर. तिथे तो माणसापेक्षा चांगलं काम करतो.

सॉफ्टवेअरने कष्ट वाचतात ते वेगळ्याच जागी, आणि तिकडे फार थोडे लोक बघतात. आपली नाटकं फिरती. आज गडकरी रंगायतन, उद्या बालगंधर्व. एकीकडे उजव्या बारवरचा दिवा 12 नंबरच्या डिमरवर, दुसरीकडे तोच 27वर. क्यू थेट डिमरच्या नंबरांवर लिहिले असतील तर 40च्या 40 क्यू पुन्हा करत बसा, तोवर खाली पहिली घंटा होते. त्यासाठी पॅच असतो: आपला चॅनेल 1 म्हणजे कायम 'सोफ्यावरचा दिवा', तो आज कुठल्या डिमरवर आहे एवढंच त्या तक्त्यात बदलायचं. क्यूंना हात लावावा लागत नाही. मूव्हिंग हेडचं, म्हणजे बोर्डावरून फिरवता येणाऱ्या दिव्याचंही तसंच. 'सोफा', 'दार', 'खिडकी' या जागा पॅलेटमध्ये साठवा आणि क्यूमध्ये पॅलेटच वापरा. नव्या थिएटरात तीन पॅलेट दुरुस्त केली की सगळे क्यू जागेवर येतात. अर्ध्या तासाचं काम आहे. पण फाइल पहिल्या दिवसापासून अशी बांधावी लागते, आणि बांधणारा पुन्हा माणूसच.

बाकीचे गैरसमज झटपट.

चांगलं सॉफ्टवेअर लाखांतच मिळतं, असं नाही. क्यूएलसी प्लस मोफत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. वर लॅपटॉपचा सिग्नल डीएमएक्समध्ये, म्हणजे दिव्यांना कळणाऱ्या भाषेत, बदलणारा यूएसबी-डीएमएक्स अडॅप्टर तेवढा लागतो.

डीएमएक्स 512 म्हणजे 512 दिवे नव्हेत, 512 चॅनेल; इथे एकाच दिव्याला अनेक चॅनेल लागू शकतात. 16 चॅनेलचे मूव्हिंग हेड घेतले तर 32 दिव्यांत ते संपतात.

एलईडी पार डिमरवर लावू नका. लुकलुकतो आणि आतला पॉवर सप्लाय जातो. त्याला थेट वीज द्या.

माइकची केबल डीएमएक्सला 'चालते', पण कमी लांबीत आणि नशिबावर. डीएमएक्सची केबल वापरा आणि शेवटच्या दिव्याला 120 ओहमचा टर्मिनेटर लावा. दिवे मधेच थरथरतात त्याचं कारण पुष्कळदा इथेच सापडतं.

लॅपटॉप बंद पडला की अंधार होणारच, हेही खरं नाही. सिग्नल गेल्यावर शेवटची स्थिती धरून ठेवायची की विझायचं, हे अनेक दिव्यांच्या मेनूत ठरवता येतं. प्रयोगाआधी तपासा, आणि लॅपटॉपचे अपडेट, स्लीप, नोटिफिकेशन बंद करा.

आतषबाजी किंवा हलणारं नेपथ्य मात्र डीएमएक्सवर कधीही चालवू नका. त्यात चूक पकडायची सोयच नाही, आणि मानकातच तशी ताकीद दिलेली आहे.

शेवटी क्यूच्या नावांबद्दल. 'क्यू 23' लिहून पुढची जागा रिकामी सोडलेल्या फाइली मी नेहमी बघतो. तिथे लिहा: 'ती चष्मा काढून टेबलावर ठेवते, हात सुटला की'. नेहमीचा ऑपरेटर तापाने पडला आणि साताऱ्याच्या प्रयोगाला बदली मुलगा बसला, तर तिसऱ्या घंटेला त्याच्यासमोर तेवढी एक ओळ असते.