पाण्याला आठवण राहते का? ‘आर्सेनिक अल्बम ३०’च्या बाटलीतला हिशेब

बऱ्हाणपूर : कोरोनाच्या काळात साबुदाण्यासारख्या पांढऱ्या गोळ्यांची एक छोटी बाटली सीमेच्या अलीकडे-पलीकडे बऱ्याच घरांत आली होती. नाव ‘आर्सेनिक अल्बम ३०’. जानेवारी २०२० मध्ये केंद्राच्या आयुष मंत्रालयाने प्रतिबंधक उपाय म्हणून ती सुचवली, पुढे ठिकठिकाणी वाटपही झालं. काहींच्या कपाटात ती अजून पडून असेल. नावातला ‘३०’ कशाचा, हे मात्र फार कमी लोकांना सांगता येतं. सगळा वाद त्या आकड्यातच आहे.

मूळ द्रव्याचा एक भाग घ्यायचा, ९९ भाग पाणी किंवा अल्कोहोलमध्ये मिसळायचा आणि जोरजोरात हलवायचा. हे झालं १ सी. त्यातला एक भाग काढून पुन्हा ९९ भागांत टाकला की २ सी. असं तीस वेळा केलं की ३०. होमिओपॅथीच्या मते हे प्रमाण जितकं विरळ, तितकं औषध जास्त ‘पॉवरचं’.

आता आपल्या तापीवरच हिशेब करू. बऱ्हाणपूरहून खाली वाहत तापी हतनूर धरणात जाते. औषधाचा एकच थेंब ८ सी इतका विरळ करायचा तर साधारण ५० कोटी घनमीटर पाणी लागेल. हतनूर काठोकाठ भरलं तरी ते पुरणार नाही. पृथ्वीवरचं सगळं पाणी, समुद्रासकट, एकत्र केलं तरी गाडी १३ सीच्या आसपास अडते. ३० तर फार लांब राहिलं. रसायनशास्त्राच्या हिशेबाने १२ सीच्या पुढे मूळ द्रव्याचा एखादा रेणू उरण्याची शक्यताही जवळपास संपते.

होमिओपॅथीचे जनक हानेमान १८४३ साली वारले. ठराविक वजनाच्या पदार्थात रेणू किती असतात याचा पहिला अंदाज १८६५ चा. म्हणजे हा हिशेब त्यांच्या हाताशी नव्हताच. नंतरच्या लोकांना तो टाळता येईना, म्हणून एक नवा मुद्दा पुढे आला: द्रव्य गेलं तरी पाण्याच्या रचनेत त्याचा ठसा राहतो.

या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच ते पटतं. पाण्याला खरोखर रचना असते. एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनला हलका धरून ठेवतो आणि त्यातून जाळं तयार होतं. पण बर्फात हे जाळं टिकतं, वाहत्या पाण्यात नाही. तिथे एक-एक बंध सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाच्या आसपास तुटतो आणि दुसरीकडे जुळतो. २००५ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या प्रयोगात तर पाण्याच्या जाळ्यातली विशिष्ट ठेवण त्याच्याही विसाव्या भागात, म्हणजे ५० फेम्टोसेकंदांत पुसली जाते असं दिसलं. दुकानातली बाटली महिनोन्महिने पडून असते. शिवाय गोळी बनते साखरेची. तिच्यावर टाकलेला थेंब सुकून जातो. पाणीच उडून गेल्यावर त्याची रचना राहते कुठे?

१९८८ मध्ये फ्रान्सच्या जाक बेनव्हेनिस्त यांनी अतिविरळ द्रावणाचा रक्तपेशींवर परिणाम दिसतो असा दावा केला होता. ‘नेचर’ने तो छापला आणि मग संपादक जॉन मॅडॉक्स दोघांना घेऊन थेट प्रयोगशाळेत गेले. कोणत्या नळीत काय आहे हे प्रयोग करणाऱ्यांपासून लपवलं, तेव्हा परिणाम दिसेनासा झाला.

आपल्याकडे जास्त चर्चा झाली ती आयआयटी मुंबईची. २०१० मध्ये जयेश बेल्लारे आणि सहकाऱ्यांनी सोनं, तांबं, जस्त अशा धातूंपासून बनलेली बाजारातली औषधं तपासली. ३० आणि २०० पॉवरमध्येही धातूचे नॅनोकण सापडल्याचं त्यांनी मांडलं. ‘होमिओपॅथी सिद्ध झाली’ अशा बातम्या तेव्हा फिरल्या. पण या अभ्यासात रुग्ण नव्हतेच, फक्त बाटलीत काय आहे ते पाहिलं होतं. आणि कण खरोखर उरत असतील, तर पाण्याच्या आठवणीची गरजच काय? दोन्ही स्पष्टीकरणं एकाच वेळी सांगणारे ही गोष्ट सहसा गाळतात.

पाणी काय वाहून आणतं हे पाहायला बऱ्हाणपूरकरांना मुंबईला जायची गरज नाही. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, १६१५ मध्ये उभारलेल्या कुंडी भंडाऱ्यात सातपुड्यातून झिरपलेलं पाणी जमिनीखालच्या बोगद्याने, शंभरावर कुंड्यांच्या वाटेने शहराकडे येतं. पंप नाही, नुसता उतार. ते पाणी डोंगरातला चुना घेऊन येतं आणि बोगद्याच्या भिंतींवर त्याचे थर बसतात. हा चुना डोळ्यांना दिसतो, तपासणीत मोजता येतो. तापीचं पाणी तर मुलताईपासून किती गावांची घाण, खतं, राख पोटात घेत येतं. त्याला सगळं आठवत असेल, तर औषध कोणत्या आठवणीचं लागू पडायचं?

‘पण मला तर गुण आला’ असं सांगणारे खोटं बोलत नाहीत. सर्दी, अंगदुखी, बऱ्याच ॲलर्जी कमी-जास्त होत राहतात आणि माणूस गोळी घेतो तो बहुधा त्रास ऐन भरात असताना. अर्धा तास नीट ऐकून घेणारा डॉक्टर भेटला तरी बरं वाटतं. सरकारी दवाखान्याच्या रांगेत ते कुठून मिळणार! ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन परिषदेने २०१५ मध्ये आढावा घेतला, तेव्हा होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा खात्रीशीर पुरावा एकाही आजारात मिळाला नाही.

सर्दीत यामुळे फारसं बिघडत नाही. लहान लेकराला जुलाब लागले, थंडी वाजून ताप आला किंवा खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला, की गोळ्यांवर काढलेले दिवस महागात पडतात. क्षयरोग, मलेरिया आणि बाळांच्या अतिसारावर होमिओपॅथीच्या भरवशावर राहू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००९ मध्येच बजावलं होतं. अतिसारात ओआरएस लागतं, मलेरियाला रक्त तपासून औषध, क्षयाला थुंकीची तपासणी. हे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं.

आणखी एक. प्रत्येक होमिओपॅथिक बाटली रिकामीच असते असंही नाही. ‘मदर टिंक्चर’मध्ये किंवा ३एक्स (हजारात एक भाग) अशा खालच्या पॉवरमध्ये मूळ द्रव्य चांगलंच असतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दात येणाऱ्या बाळांच्या काही होमिओपॅथिक गोळ्यांत बेलाडोना हे विषारी द्रव्य लेबलावरच्या प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त असल्याचं जाहीर केलं होतं. घरातल्या बाटलीवरचा आकडा म्हणून आधी वाचावा: तो लहान असेल, तर ती पोरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवलेली बरी.