मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर एक, वेळा दोन

मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यातील हवाई अंतर सुमारे १२,५४० किलोमीटर मानले जाते. परंतु या आकड्याला प्रवासी विमानांच्या ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने भागून मिळणारे चौदा तासांचे उत्तर प्रत्यक्ष प्रवासाला क्वचितच लागू पडते.

अंतराचा हा आकडा बृहद्वृत्तावर मोजलेला असतो. पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने तिचे दोन समान भाग केले असता पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटते त्याला बृहद्वृत्त म्हणतात, आणि दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग त्याच्याच कमानीवरून जातो. नकाशाकार मर्केटरने १५६९ मध्ये मांडलेल्या सपाट नकाशावर या दोन शहरांमध्ये पट्टी ठेवली, तर रेषा अरबस्तान, इजिप्त आणि मोरोक्कोवरून अटलांटिकमध्ये उतरते आणि सरळ दिसूनही सुमारे १४,२०० किलोमीटर भरते. बृहद्वृत्त मात्र वायव्येकडे निघून पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया, स्कॅन्डिनेव्हिया आणि आइसलँड ओलांडत कॅनडात शिरते व वाटेत जवळजवळ ६५ अंश उत्तर अक्षांश गाठते. नकाशावर वळसा वाटणारी ही वाट साडेसोळाशे किलोमीटरांनी जवळची ठरते, ही भूगोलातील खरोखर विलक्षण बाब आहे.

या आदर्श वाटेवरून प्रत्येक विमानाला जाता येतेच असे नाही, कारण आपल्या भूमीवरील आकाशावर प्रत्येक देशाची सत्ता असते. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, तेव्हा त्यांना अरबी समुद्रावरून पश्चिमेकडे वळावे लागले आणि इंधन व वेळ दोन्हींचा खर्च वाढला.

वेळेतील मोठा फरक वारा घडवतो. साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान वाऱ्याच्या पट्ट्यांना जेट प्रवाह म्हणतात. न्यूयॉर्ककडे जाताना विमानाला सरासरी ताशी ६० किलोमीटरचा वारा समोरून लागला आणि परतताना तेवढाच पाठीशी मिळाला, असे धरले तरी त्याच अंतरासाठी अनुक्रमे पंधरा आणि तेरा तास लागतात. म्हणूनच परतीचे विमान बृहद्वृत्त सोडून, अंतर थोडे वाढले तरी, अनुकूल वाऱ्याची वाट धरते. शिवाय वेळापत्रकातील अवधी विमान फाटकापासून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर थांबेपर्यंतचा असल्याने धावपट्टीकडे जाण्याचा व रांगेतील वेळही त्यातच धरलेला असतो.

तिकिटावरच्या वेळा त्या त्या शहराच्या स्थानिक वेळा असतात. न्यूयॉर्कचे घड्याळ मुंबईच्या मागे उन्हाळ्यात साडेनऊ, तर हिवाळ्यात साडेदहा तास असते. त्यामुळे उन्हाळ्यात मुंबईहून रात्री एक वाजता निघून सोळा तास उडालेले विमान त्याच दिवशी सकाळी साडेसात वाजता उतरते, तर तेथून दुपारी बारा वाजता निघून साडेचौदा तासांत येणारे विमान मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारी बारालाच पोहोचते. प्रवासाचा खरा अवधी जाणून घ्यायचा असेल, तर वाचकांनी दोन्ही वेळा आधी एकाच घड्याळात आणाव्यात आणि मगच वजाबाकी करावी.