हात रिकामा करणारा हिरा

मेंढीकोटमध्ये हुकमाचा एक्का कधी टाकायचा, यावरून घरोघरी भांडणं होतात. पण ‘तुमच्या हातातली सगळी पानं फेकून द्या’ असं सांगणारं पान आपल्या पत्त्यांच्या कॅटात नाही. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या खेळात ते आहे. त्याचं नाव ‘लायन्स आय डायमंड’, म्हणजे सिंहाच्या डोळ्याचा हिरा. खेळणारे त्याला नुसतं ‘एलईडी’ म्हणतात. आकाशकंदिलातल्या माळेशी त्याचा संबंध नाही.

रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने रचलेला हा खेळ १९९३ मध्ये अमेरिकेत बाजारात आला. इथे कॅट दोघांत एक नसतो. प्रत्येकाने आपला किमान ६० पानांचा डेक घरून बांधून आणायचा. सुरुवातीला हातात सात पानं आणि खात्यावर आयुष्याचे २० गुण. पान खेळायचं तर ‘मॅना’ मोजावा लागतो. तो मुख्यतः जमिनीच्या पानांतून मिळतो आणि एका पाळीत एकच जमीन मांडता येते. म्हणजे पहिल्या पाळीला एक मॅना, दुसऱ्या पाळीला दोन. या हिशेबाला बगल देणारं पान मिळालं की खेळाडूचे डोळे लकाकतात.

‘ब्लॅक लोटस’ हे तसंच एक पान. फुकटात मांडा, मोडा, एकाच रंगाचे तीन मॅना घ्या. ते इतकं जबर निघालं की पुढे त्याला वेसण घालून काढलेला भाऊ म्हणजे १९९६ च्या ‘मिराज’ संचातला हा हिरा. मांडायला फुकट, मिळतात तेही तीन मॅना, पण फोडताना हातातली सगळी पानं टाकून द्यायची. मॅना हातात आणि खेळायला पान नाही! दिवाळीचा बोनस घ्यावा आणि बाजारच बंद असावा, तशातली गत. पुष्कळांनी ते पान फालतू म्हणून बाजूला सारलं, आणि त्या वेळच्या डेकांकडे पाहता त्यांचं फार चुकलं असं मला वाटत नाही.

आणखी एक अट आहे, आणि खरी गंमत तिच्यात आहे. मॅना देणारी बहुतेक पानं एखाद्या पानाची किंमत मोजता मोजता वापरता येतात. हा हिरा तसा वापरता येत नाही. तो फोडायचा तर किंमत मोजण्याच्या आधी, नाहीतर मोजून झाल्यावर. पण मॅजिकमध्ये खेळलेलं पान लगेच लागू होत नाही. दोघांनाही मध्ये प्रत्युत्तर देता येतं. तेवढ्या फटीत हिरा फोडायचा. टेबलावर आलेलं पान हातात नसल्यामुळे ते वाचतं.

१९९८ च्या ‘यॉगमॉथ्स विल’ने ही फट रुंद केली. हे पान त्या पाळीपुरती टाकलेल्या पानांच्या ढिगातून खेळायची मुभा देतं. ते खेळायचं आणि लागू होण्याआधी हिरा फोडायचा. हात ढिगात जातो, हिराही ढिगात जातो, आणि क्षणभराने तोच ढीग तुमचा नवा हात होतो. त्यातून हिरा पुन्हा फुकट मांडायचा, पुन्हा तीन मॅना. जानेवारी २००४ पासून ‘व्हिंटेज’ प्रकारात डेकमागे एकच हिरा ठेवायचं बंधन आलं. ‘लेगसी’ प्रकारात मात्र आजही चार चालतात.

लेगसीतला नामांकित डाव ‘इन्फर्नल ट्यूटर’चा. दोन मॅनाचं हे पान हात रिकामा असेल तर डेकमधून हवं ते पान काढून देतं. ट्यूटर खेळा, प्रत्युत्तरात दोन हिरे फोडा. हात रिकामा, सहा काळे मॅना तयार, आणि ट्यूटर शोधून आणतो चार मॅनाचं ‘टेन्ड्रिल्स ऑफ अ‍ॅगनी’. ते प्रतिस्पर्ध्याचे दोन गुण शोषतं, आणि त्याच पाळीत आधी जितकी पानं खेळली गेली तितक्या त्याच्या जादा प्रती निघतात. आधी नऊ पानं झाली असतील तर दहा गुणिले दोन, वीस. खेळ खलास. फुकट मांडलेले हिरेही त्या नऊत मोजले जातात.

आता यातली भीती बघा. समोरच्याकडे ‘फोर्स ऑफ विल’ असेल, तर तो एक गुण आणि हातातलं एक निळं पान देऊन, एकही मॅना न मोजता तुमचा ट्यूटर हाणून पाडतो. हिरे फुटलेले, हात मोकळा, मॅना त्या टप्प्यासोबत विरून गेलेला. म्हणून जाणता खेळाडू आधी ‘ड्युरेस’सारखं पान टाकून समोरच्याचा हात उघडा पाडतो. घाई केलेली पाळी मागे घेता येत नाही. उलट एक शून्य मॅनाचं पान टेबलावर नुसतं मांडून ठेवलं, तरी समोरचा दबकून खेळतो.

मला स्वतःला टेन्ड्रिल्सपेक्षा २०१९ चं ‘एको ऑफ इऑन्स’ जास्त आवडतं. हातातून खेळायला सहा मॅना, पण ढिगातून फक्त तीन. हिरा फोडला की हे पान आपोआप ढिगात पडतं आणि नेमके तीन निळे मॅना हातात येतात. एको खेळला की दोघांनाही सात नवी पानं. हात टाकण्याचा दंड इथे पान योग्य जागी पोचवणारा हमाल झाला. ढिगावरच चालणाऱ्या ‘ड्रेज’ या डेकचे खेळाडू तर मुळात पानं टाकायला निमित्तच शोधत असतात. आणि जानेवारी २०२० मध्ये आलेल्या ‘अंडरवर्ल्ड ब्रीच’ने हिरा ढिगातून पुन:पुन्हा खेळण्याची अशी सोय केली की मार्चमध्येच लेगसीत ब्रीचवर बंदी आली. हिऱ्याला कुणी हात लावला नाही.

‘मिराज’मधलं हे पान ‘रिझर्व्ड लिस्ट’वर आहे, म्हणजे खेळता येईल असं ते पुन्हा कागदावर न छापण्याचं वचन कंपनीने दिलेलं आहे. त्यामुळे एकेका प्रतीला शेकडो डॉलर मोजावे लागतात. नव्वदच्या दशकात तुमच्या घरातलं कुणी अमेरिकेला शिकायला गेलं असेल आणि माळ्यावर पत्त्यांचा एखादा जुना खोका पडला असेल, तर यंदाच्या साफसफाईत तो रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा चाळून बघा.