ओठावरचा ताप (भाग ५) : अंगात ताप नाही, मग फुटला कुठून?

असायक्लोव्हिर या विषाणूरोधक औषधाच्या गोळीवर आज लिहायचे ठरले होते. ते आता पुढच्या आठवड्यात. जुहूच्या एका वाचक आजींनी असा प्रश्न पाठवला आहे की तो आधी घ्यायलाच हवा.

आजी रोज सकाळी सहाला किनाऱ्यावर चालायला जातात. वर्षभर काही होत नाही, पण मे महिन्यात खालच्या ओठावर हटकून ताप फुटतो. अंग मात्र गार. घरचे म्हणतात, उष्णता बाहेर पडते आहे. मग सब्जा आणि गुलकंद सुरू होतो. पत्राच्या शेवटी एक वाक्य सहज आले आहे : सुट्टीत नातवंडे येतात, त्यांना वाळूवर खेळवताना अकरा वाजतात.

उत्तर त्या अकरात आहे.

‘ताप फुटला’ हे नाव खोटे नाही. पावसाळ्यात मलेरियाचा ताप उतरताना ओठावर पुरळ उठलेले मुंबईकरांनी पाहिलेले असते. पण ओठावर हे फोड आणणारा विषाणू मज्जातंतूच्या गाठीत झोपलेला असतो, आणि त्याला उठवणाऱ्या कारणांपैकी ताप हे एक. थकवा, मासिक पाळी, दातांवरचे उपचार ही आणखी काही. आणि जुहूसारख्या ठिकाणी सर्वात दुर्लक्षित कारण म्हणजे ऊन. उन्हातले अतिनील किरण त्या जागेची प्रतिकारशक्ती काही काळ दुबळी करतात आणि विषाणूला वाट मिळते.

मुंबईत १५ मेच्या सुमारास दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. शून्य सावलीचा तो दिवस. जुलैच्या अखेरीस तो पुन्हा येतो, पण तेव्हा बहुधा ढग असतात. म्हणजे मेमधले अकराचे ऊन आणि सहाचे ऊन यांत जमीन-अस्मानाचा फरक. टोपी घातली तरी काम अर्धेच होते, कारण कोरडी वाळू सुमारे १५ टक्के अतिनील किरण खालून परत फेकते. त्यात खालचा ओठ जरा पुढे आलेला, त्याची त्वचा पातळ आणि तिच्यात रंगद्रव्यही कमी.

यावर १९९१ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध झाला. वारंवार ताप फुटणाऱ्या ३८ जणांच्या ओठांवर अतिनील किरण सोडले. एकदा नुसते निष्क्रिय मलम लावून, एकदा सनस्क्रीन लावून. निष्क्रिय मलमाच्या वेळी २७ जणांना फोड आले. सनस्क्रीनच्या वेळी एकालाही नाही!

तेव्हा आजींनी नऊच्या आत घरी परतावे. थांबायचेच असेल तर एसपीएफ ३० किंवा अधिक असलेला लिप बाम निघण्याआधी लावावा, दर दोन तासांनी आणि शहाळे प्यायल्यावर पुन्हा लावावा. कांडी स्वतःची वेगळी, नातवंडांना द्यायची नाही. सब्जा आवडत असेल तर खुशाल प्यावा. ओठाला मात्र बामच हवा.

तरीही ओठ चुणचुणू लागलाच, तर फोड येण्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. औषधाचा खरा उपयोग तेव्हाच. चुना किंवा टूथपेस्ट लावू नये, त्वचा भाजते. घरात पडलेली खाजेची ट्यूबही नको. तिच्यात बहुधा स्टिरॉइड असते आणि विषाणूला मोकळे रान मिळते. फोड फोडू नये. हात लागला तर साबणाने धुवावा, आणि तोच हात डोळ्याला मुळीच लावू नये. डोळा लाल झाला, दुखू लागला तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. दहा दिवसांत जखम भरली नाही किंवा वर्षातून बरेचदा असे होऊ लागले, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

आजींचा दुसरा प्रश्न एका ओळीचा आहे : धाकटी नात महिन्याची आहे, तिचा पापा घ्यावा का?

खपली पडून त्वचा पूर्ण भरेपर्यंत अजिबात नाही. मोठ्यांना आठवडाभर त्रास देणारा हा विषाणू नवजात बाळाच्या मेंदूपर्यंत पोचू शकतो. तोवर आजींनी हात धुऊन, तोंडाला मास्क बांधून नातीला मांडीवर घ्यावे. बाळाच्या अंगावर फोड दिसला, ते दूध ओढेनासे झाले किंवा मलूल पडले, तर रात्र असली तरी तडक इस्पितळ गाठावे आणि घरात कुणाच्या ओठावर ताप फुटला होता हे डॉक्टरांना आधी सांगावे.