एक राज्य, तीन संघ

रणजी करंडकाचा मोसम सुरू झाला की आमच्या मुलुंडच्या घरात तीन तट पडतात. मी मूळचा अकोल्याचा, म्हणजे विदर्भाचा. आमच्या सौ. साताऱ्याच्या, म्हणजे 'महाराष्ट्रा'च्या. चिरंजीव जन्मानं आणि वाढीनं मुलुंडचे, म्हणजे पक्के मुंबईकर. मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर मुंबई आणि विदर्भ यांचा अंतिम सामना झाला, तेव्हा पाच दिवस बापलेकांचं बोलणं धावफलकापुरतंच उरलं होतं. विदर्भाला जिंकायला ५३८ धावा हव्या होत्या. आमच्या पोरांनी ३६८ पर्यंत मजल मारली. मुंबई १६९ धावांनी जिंकली आणि तिचं हे ४२ वं विजेतेपद ठरलं. चिरंजीवांनी पेढे आणले. मीही एक खाल्ला. काय करणार!

त्या वेळी दहा वर्षांच्या नातवानं विचारलं, "आजोबा, आपण सगळे महाराष्ट्रातच राहतो ना? मग तीन टीम कशाला? एकच केली तर आपण दर वर्षी जिंकू!"

मंडळी, हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. त्यावर मोठमोठ्या लोकांनी डोकेफोड केलेली आहे. तिकडे सातासमुद्रापार ब्रिटनमध्येही फुटबॉलच्या बाबतीत नेमका हाच वाद वर्षानुवर्षं चालला आहे.

आधी आपल्या घरचं पाहू. रणजी करंडक सुरू झाला १९३४-३५ साली. तेव्हा महाराष्ट्र नावाचं राज्यच नव्हतं. ते जन्माला आलं १ मे १९६० रोजी. पण पुण्याचा 'महाराष्ट्र' संघ त्याच्या पाव शतक आधीपासून मैदानात होता. प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली त्यानं १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा करंडकही जिंकला. मुंबईचं क्रिकेट स्वतंत्रच होतं. पहिला करंडक तिनंच नेला. नागपूर आणि वऱ्हाड तर तेव्हा मध्य प्रांतात होते. १९५६ साली राज्य पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९५७-५८ पासून विदर्भाचा संघ रणजीत उतरू लागला. थोडक्यात, संघ आधी झाले आणि राज्य नंतर. शेजारी गुजरातेतही गुजरात, बडोदा आणि सौराष्ट्र असे तीन संघ आहेत, त्यामागे अशीच जुनी संस्थानी आणि प्रांतिक विभागणी आहे. आजही दुलीप करंडकात मुंबई आणि महाराष्ट्राचे खेळाडू पश्चिम विभागाकडून खेळतात, तर विदर्भाचे मध्य विभागाकडून.

ब्रिटनची गोष्टही अशीच. देश एक, पण फुटबॉलला इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड असे चार संघ. फुटबॉलचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना १८७२ साली ग्लासगोमध्ये झाला, तोच मुळी स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात. 'फिफा' ही जागतिक संघटना स्थापन झाली १९०४ साली. म्हणजे तिथेही संघ आधी आणि नियम करणारे नंतर. पण ऑलिंपिकमध्ये मात्र ब्रिटन म्हणून एकच संघ उतरवावा लागतो. तिथे घोडं अडतं. बाकीच्या तिघांना भीती अशी, की एकदा एकत्र खेळलो तर उद्या जग म्हणेल, 'तुम्ही एकच आहात, मग चार जागा आणि चार मतं कशाला?'

२०१२ साली ऑलिंपिक लंडनलाच होतं. यजमानच नाही कसं म्हणणार? मग ब्रिटनचा पुरुष संघ उभा राहिला. अठरा खेळाडूंपैकी तेरा इंग्लंडचे, पाच वेल्सचे. स्कॉटलंडचा एक नाही, उत्तर आयर्लंडचा एक नाही. नाव सगळ्यांचं आणि संघ दोघांचा! उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण कोरियानं पेनल्टीवर त्यांना घरी पाठवलं.

आता नातवाच्या प्रश्नाकडे परत येतो. खरं सांगतो, तरुणपणी मीही एकच संघ हवा या मताचा होतो. राज्य एक, भाषा एक, मग क्रिकेटनंच का वेगळ्या चुली मांडाव्यात, असं वाटायचं. पण जरा हिशेब मांडून पाहा. मुंबईनं १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षं करंडक जिंकला. त्या काळात एकच संघ केला असता तर अकरांत विदर्भाचे किती आले असते? नाव महाराष्ट्राचं आणि संघ दादर-शिवाजी पार्कचा, असंच झालं असतं. दोष कुणाचाच नाही. जिथे मैदानं, क्लब आणि स्पर्धा जास्त, तिथली मुलं तयार होणारच.

आज तीन संघ म्हणजे तेहेतीस जागा आहेत. एक संघ केला की बावीस जणांना घरी बसावं लागेल. संघ हा नुसता झेंडा नसतो, मंडळी, तो दरवाजा असतो. माझा पुतण्या अकोल्याहून नागपूरला निवड चाचणीला जायचा. अडीचशे किलोमीटर. निवड झाली नाही, पण त्याचा चेंडू कुणीतरी पाहिला तरी. तीच चाचणी मुंबईला असती, तर अंतर दुपटीहून जास्त. माझ्या भावानं त्याला पाठवलंच नसतं.

उमेश यादवचं उदाहरण घ्या. वडील कोळशाच्या खाणीत कामाला. मुलगा टेनिसच्या चेंडूवर खेळत मोठा झाला, २००८ साली विदर्भाकडून रणजी खेळला आणि २०११ साली कसोटीपटू झाला. त्याच विदर्भानं, पहिल्या मोसमानंतर तब्बल साठ वर्षांनी, २०१७-१८ मध्ये करंडक उचलला. पुढच्याच वर्षी पुन्हा आणि २०२४-२५ मध्ये तिसऱ्यांदा. त्या तिसऱ्या खेपेला उपांत्य फेरीत मुंबईलाच ८० धावांनी हरवलं. (तेव्हा पेढे मी आणले होते!) पहिल्या दोन विजयांच्या वेळी प्रशिक्षक होते मुंबईचे चंद्रकांत पंडित, आणि फलंदाजीला होता मुंबईचाच वासिम जाफर. म्हणजे वेगळे राहूनही एकमेकांना हात देता येतो.

आता दुसरी बाजू. उत्तर प्रदेशात २०११ च्या जनगणनेनुसार जवळपास वीस कोटी लोक, त्यांचा रणजी संघ एकच. आपण सव्वाअकरा कोटी आणि आपले तीन. हा न्याय कुठला? प्रश्न रास्त आहे. न्यायमूर्ती लोढा समितीनं २०१६ साली 'एक राज्य, एक मत' अशी शिफारस केली, ती यासाठीच. सर्वोच्च न्यायालयानं ती आधी मान्य केली, पण ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ या तिघांना पूर्ण सदस्यत्व परत दिलं. इथे एक गल्लत टाळायला हवी. समितीचा मुद्दा मतांचा होता. तीन संघ मोडून एक करा, असं तिनं म्हटलं नव्हतं. नियामक मंडळात कुणाची किती मतं असावीत, यावर वाद जरूर घालावा. पण त्याची किंमत अकोल्याच्या किंवा साताऱ्याच्या पोरानं का मोजायची? उत्तर प्रदेशाच्या मुलांवर अन्याय होत असेल, तर त्यांचे संघ वाढवावेत. २०१८-१९ मध्ये बिहार, उत्तराखंड आणि ईशान्येच्या राज्यांसह नऊ नवे संघ रणजीत आलेच की.

मात्र वेगळं राहण्याचा हक्क मागणाऱ्यानं आपल्या मुलखाचा दरवाजा सताड उघडा ठेवला पाहिजे. 'महाराष्ट्र' संघाचा मुलूख कोल्हापूरपासून नांदेडपर्यंत पसरलेला. नांदेडहून पुणं चारशे किलोमीटरहून लांब. त्या संघानं १९४०-४१ नंतर करंडक जिंकलेला नाही. १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ असे तीन अंतिम सामने हरले. मराठवाड्यातल्या मुलाचा चेंडू कुणी पाहतं का, हा प्रश्न आमच्या सौ.सुद्धा विचारतात.

आमच्या उपनगरांत तर याचं उत्तर कबड्डीनं केव्हाच दिलं आहे. राज्य स्पर्धेत मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे वेगवेगळे संघ. घाटकोपरचा चढाईपटू परळच्या पोराचा पाय खेचतो आणि पुढे निवड झाली की दोघं एकाच महाराष्ट्राच्या बनियनमध्ये चढाया करतात. आधी वेगळं लढायचं, मग एक व्हायचं. क्रिकेटमध्ये हे 'एक होणं' थेट भारताच्या संघात होतं, एवढाच फरक.

माणसं काही नकाशा पाहून जन्मत नाहीत. रोहित शर्मा जन्मला नागपुरात, वाढला आमच्या बोरिवलीत आणि खेळला मुंबईकडून. नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हा सांगलीची स्मृती मानधना होती महाराष्ट्र संघाची आणि वांद्र्याची जेमिमा रॉड्रिग्ज मुंबईची. त्या रात्री आमच्या घरात तट नव्हते.

नातवाला मी एवढंच म्हणालो, "एकच टीम केली तर आपण कदाचित जास्त वेळा जिंकू. पण त्या टीममध्ये अकोल्याच्या तुझ्या काकाला साधी चाचणीसुद्धा मिळाली नसती." त्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला, "मग तीनच राहू देत. पण जिंकायची मुंबईच."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)