खरी नक्कल आणि मोघम अस्सल

तहसील कार्यालयातून सात-बाराचा उतारा घेतला की आपण ‘नक्कल काढली’ असे म्हणतो. त्या कागदावर सही असते, शिक्का असतो आणि जुन्या हस्तलिखित उताऱ्यांवर तर ‘खरी नक्कल’ असा शेराही सापडतो. मूळ नोंद कचेरीच्या दप्तरात आहे आणि हातातला कागद तिची प्रत आहे, हे तो कागद स्वतःच सांगतो. म्हणूनच नक्कल असूनही तिच्या भरवशावर पीककर्जापासून कोर्टातल्या दाव्यापर्यंतचे व्यवहार होतात. नकलेला खरेपणा येतो तो तिने आपले नक्कलपण उघड केल्यामुळे.

खेळाडूंच्या जर्सींचा जागतिक बाजार नेमका याच्या उलट रीतीने चालतो. तिथे प्रत्येक पायरीवरच्या कपड्याला ‘ऑथेंटिक’, ‘ऑफिशियल’, ‘मॅच’, ‘प्रो’, ‘एलिट’ अशी नावे दिलेली असतात आणि यातला कोणता कपडा कशाची प्रत आहे, हे ग्राहकाने स्वतः शोधून काढायचे असते. रस्त्यावरच्या बनावट मालाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. हा लेख त्याबद्दल नाही. परवाना घेऊन, काचेच्या दुकानात, पक्क्या पावतीसह विकल्या जाणाऱ्या मालाच्या शब्दांबद्दल तो आहे.

एका शब्दाचे तीन अर्थ

‘ऑथेंटिक’ला मराठीत आपण ‘अस्सल’ म्हणू. पण जर्सीच्या बाबतीत अस्सलपणाचे तीन वेगवेगळे दावे संभवतात. पहिला दावा परवानगीचा. संघाचे बोधचिन्ह वापरण्याचा हक्क उत्पादकाने रीतसर विकत घेतला आहे, एवढाच त्याचा अर्थ. मराठीत याला नेमका शब्द ‘अधिकृत’. दुसरा दावा तंतोतंतपणाचा. खेळाडू मैदानात घालतो तेच कापड, तीच शिवण, तोच बेत, शक्यतो तोच कारखाना. तिसरा दावा इतिहासाचा. हाच कपडा अमुक खेळाडूने अमुक सामन्यात अंगावर घातला होता.

हे तीन दावे एकमेकांवर अवलंबून नाहीत. अधिकृत जर्सी खेळाडूच्या जर्सीपेक्षा पूर्ण वेगळ्या कापडाची असू शकते. तंतोतंत जर्सी कोणत्याही खेळाडूच्या अंगाला लागलेली नसते. वादाचे मूळ इथे आहे. विक्रेता शब्द वापरतो तो बहुधा पहिल्या अर्थाने, किंमत लावतो दुसऱ्या अर्थाची आणि चाहत्याच्या मनात जाग येते ती तिसऱ्या अर्थाला.

गिऱ्हाईक बांधलेले

हा बाजार फार जुना नाही. १९७०च्या दशकात लेस्टर येथील ‘ॲडमिरल’ कंपनीने लीड्स युनायटेड आणि १९७४पासून इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाशी करार केले, जर्सीवर आपले चिन्ह लावले आणि तशाच जर्सी मुलांसाठी दुकानात आणल्या. त्याआधी जर्सी हा मुख्यतः खेळण्याचा कपडा होता. त्यानंतर तो प्रेक्षकाचाही कपडा झाला. ‘रेप्लिका’ हा शब्द त्या काळात रूढ झाला, आणि तो पुरेसा प्रामाणिक होता. रेप्लिका म्हणजे प्रतिकृती, याविषयी कुणाच्या मनात संशय नव्हता.

या बाजाराचे एक वैशिष्ट्य लक्षात घेतल्याशिवाय पुढचे कळत नाही. साबण महाग झाला तर आपण दुसरा साबण घेतो. मँचेस्टर युनायटेडची जर्सी महाग झाली म्हणून तिचा चाहता लिव्हरपूलची घेत नाही. गिऱ्हाईक आधीच बांधलेले असते. ब्रिटनमध्ये याचा गैरफायदा कसा घेतला गेला, हे तिथल्या ‘ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग’ या सरकारी यंत्रणेच्या २००३मधल्या निर्णयातून उघड झाले. २००० आणि २००१ या वर्षांत इंग्लंड आणि मँचेस्टर युनायटेड यांच्या जर्सी ठरावीक किमतीखाली विकायच्या नाहीत, असे संगनमत झाल्याचा निष्कर्ष तिने काढला आणि एकूण १ कोटी ८६ लाख पौंड दंड ठोठावला. दंड झालेल्यांत जेजेबी स्पोर्ट्स ही दुकानांची साखळी, उत्पादक अम्ब्रो आणि खुद्द मँचेस्टर युनायटेडही होते. अपिलांत काही रकमा घटल्या, पण मूळ निष्कर्ष टिकला. पुढे ‘विच?’ या ग्राहकसंस्थेच्या दाव्यात २००८मध्ये तडजोड झाली आणि दाव्यात सामील झालेल्या ग्राहकांना जेजेबीने प्रत्येकी २० पौंड देण्याचे मान्य केले.

संगनमत करून किंमत टिकवणे बेकायदा ठरले. एकाच जर्सीच्या दोन-तीन पायऱ्या करून वरच्या पायरीला वजनदार नाव देणे मात्र कायदेशीर होते.

पायऱ्यांची नावे

२०१४च्या फुटबॉल विश्वचषकासाठी नायकेने इंग्लंडची जर्सी दोन प्रकारांत विकली. ‘मॅच’ ९० पौंडांना, ‘स्टेडियम’ ६० पौंडांना. दहा वर्षांनी, २०२४च्या युरो स्पर्धेच्या वेळी, प्रौढांसाठीच्या वरच्या प्रकाराची किंमत १२४.९९ आणि खालच्याची ८४.९९ पौंड होती. इथे दोन पायऱ्या निदान स्पष्ट आहेत. अमेरिकन फुटबॉलमध्ये नावे अधिक बुचकळ्यात टाकतात. २०१२मध्ये नायकेने एनएफएल संघांचे पोशाख हाती घेतले, तेव्हा चाहत्यांसाठी ‘गेम’, ‘लिमिटेड’ आणि ‘एलिट’ असे प्रकार आले. ‘गेम’ म्हणजे सामना. पण ‘गेम’ या नावाची जर्सी तिघांत सर्वांत स्वस्त, आणि सामन्यातल्या जर्सीपासून सर्वांत दूरची. ‘लिमिटेड’ म्हणजे मोजक्या संख्येने काढलेली, असे वाटेल. प्रत्यक्षात ते मधल्या दर्जाचे नाव आहे. यातला एकही शब्द उघड खोटा म्हणून पकडता येत नाही. नाव हे नाव आहे, ते वर्णन आहे असे कुणी कुठे म्हटले?

सर्वांत बोलके उदाहरण उत्तर अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकीचे आहे. २०१७-१८ ते २०२३-२४ या हंगामांत एनएचएल या तिथल्या प्रमुख लीगच्या जर्सी आदिदासच्या नावाने येत. खेळाडूंच्या जर्सी कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात, सें-यासेंत या गावातल्या कारखान्यात शिवल्या जात. दुकानात ‘ऑथेंटिक’ या नावाने मिळणारी जर्सी इंडोनेशियात तयार होई. फरक फक्त गावाचा नव्हता. खेळाडूच्या जर्सीचे कापड जाड, कोपरांवर दुहेरी थर, शिवण अधिक मजबूत. बर्फावर घसरत आदळणाऱ्या माणसाला ते लागतेच. दुकानातली जर्सी त्याहून पातळ आणि हलकी. जर्सी गोळा करणाऱ्या जाणकारांनी दोहोंना आपापली नावेही दिली होती, ‘मेड इन कॅनडा’ची आद्याक्षरे आणि ‘इंडो’. सामान्य चाहत्याला ही परिभाषा ठाऊक नव्हती. त्याला दिसत होता तो ‘ऑथेंटिक’ हा शब्द, आणि साध्या प्रतिकृतीपेक्षा चढी किंमत.

याच जर्सीच्या आत, पाठीच्या खालच्या बाजूला एक पट्टा असतो. तो विजारीला अडकवतात. एनएचएलमध्ये खेळाडूंची मारामारी झाली की प्रतिस्पर्ध्याची जर्सी डोक्यावरून ओढून त्याचे हात अडकवायचे, हा जुना डाव. बफेलो सेबर्सचा रॉब रे तर जर्सी आणि आतले संरक्षक कवच अंगातून चटकन निसटेल अशी व्यवस्था करून लढत असे. म्हणून १९९०च्या दशकात जर्सी बांधलेली असलीच पाहिजे, असा नियम कडक झाला. दुकानातल्या ‘ऑथेंटिक’ जर्सीलाही हा पट्टा शिवलेला असे. प्रेक्षागृहात बसून मक्याच्या लाह्या खाणाऱ्याला त्याचा काहीच उपयोग नसतो. तो तिथे असतो तो साक्षीदार म्हणून: ही जर्सी खेळाडूच्याच जातकुळीची आहे, असे तो सुचवतो. जाड कापड आणि दुहेरी कोपर ग्राहकाला सहज दिसत नाहीत, त्यामुळे ते गाळता येतात. पट्टा दिसतो, म्हणून तो राहतो.

२०२४-२५पासून हे काम फॅनॅटिक्स या कंपनीकडे गेले. तिने चाहत्यांसाठी ‘ऑथेंटिक प्रो’ नावाचा वरचा प्रकार आणला. तो खेळाडूंच्या जर्सीप्रमाणे कॅनडात बनतो. त्याखालच्या पायरीला तिने ‘प्रीमियम’ म्हटले. म्हणजे खरोखर तंतोतंत वस्तू विकायची वेळ आली, तेव्हा ‘ऑथेंटिक’ हा शब्द एकटा पुरेना, त्याला ‘प्रो’ची जोड द्यावी लागली. ज्यांच्या कपाटात सात हंगामांच्या ‘ऑथेंटिक’ जर्सी टांगलेल्या आहेत, त्यांनी यातून काय समजायचे ते समजावे.

मूळच उतरले तर?

तंतोतंत वस्तू चाहत्याला सोयीची असतेच असेही नाही. फुटबॉलमधल्या महागड्या प्रकारात बोधचिन्ह उष्णतेने चिकटवलेले असते, बेत अंगाला घट्ट असतो. नव्वद मिनिटे धावणाऱ्या, अंगावर चरबी नसलेल्या शरीरासाठी तो काढलेला आहे. स्वस्त प्रकारात चिन्ह बहुधा भरतकामाचे आणि बेत सैल. वारंवार धुवायची असेल तर अनेकदा स्वस्त जर्सीच जास्त टिकते. चाहता जादा पैसे मोजतो ते टिकाऊपणासाठी नाही, खेळाडूशी असलेल्या नात्यासाठी. म्हणून ते नाते कितपत खरे आहे, हे सांगणे विक्रेत्याचे कर्तव्य ठरते.

कधी मूळ वस्तूच नकलेच्या पातळीवर उतरते. २०२४च्या हंगामाआधी अमेरिकी बेसबॉलमध्ये नायकेने आखलेल्या आणि फॅनॅटिक्सने तयार केलेल्या नव्या जर्सी आल्या. पाठीवरच्या नावाची अक्षरे लहान झाली, कापड पातळ वाटू लागले, आणि दुकानातल्या प्रतिकृती घातल्यासारखे वाटते, अशी तक्रार खेळाडूंमधूनच आली. शेवटी पुढच्या हंगामासाठी मोठी अक्षरे परत आणावी लागली. खेळाडूंना बोलता आले, कारण त्यांची संघटना आहे.

कायदा काय पाहतो

जाहिरातीतला प्रत्येक शब्द सुटा तपासला तर फसवणूक सापडत नाही, ही अडचण कायद्याला ठाऊक आहे. कॅनडाच्या स्पर्धा कायद्यात शब्दार्थाबरोबरच जाहिरातीने होणारा एकंदर ग्रह विचारात घ्यावा, अशी तरतूद आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२मध्ये ‘टाइम’ मासिकाच्या कंपनीविरुद्धच्या खटल्यात, क्वेबेकच्या ग्राहक कायद्याखाली, हेच सूत्र पुढे नेले. लाखो डॉलरचे बक्षीस लागल्याचे ठळक अक्षरांत आणि अटी बारीक अक्षरांत सांगणारे पत्र एका ग्राहकाला आले होते. पत्र चिकित्सकपणे वाचणारा काय समजेल, हा निकष न्यायालयाने नाकारला. भोळ्या आणि अननुभवी ग्राहकाचा पहिल्या वाचनात काय समज होईल, हे पाहायचे.

आपल्याकडे ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणे हाही दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीचा प्रकार मानला आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण त्यासाठी १० लाख आणि पुन्हा तसेच केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. २०२२च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार खुलाशाची तळटीप मुख्य दाव्याचा अर्थ स्पष्ट करू शकते, त्याला छेद देऊ शकत नाही. वर ठळक ‘ऑथेंटिक’ आणि खाली बारीक ‘मैदानावरील जर्सीपेक्षा वेगळी असू शकते’, असे लिहून सुटका व्हायला नको, ती या तत्त्वामुळे.

हा प्रश्न आता आपल्या दारात आहे. २०२३मध्ये आदिदासने भारतीय क्रिकेट संघाचे पोशाख हाती घेतले आणि एकाच निळ्या रंगाच्या तीन पायऱ्या झाल्या. सामन्याची जर्सी ४,९९९ रुपयांना, प्रतिकृती २,९९९ला आणि चाहत्यांची ९९९ला. ‘रेप्लिका’ आणि ‘फॅन’ ही नावे निदान आपली जागा सांगतात. प्रश्न वरच्या पायरीचा असतो. तिथल्या ग्राहकाने विचारायला हवे की माझी जर्सी आणि खेळाडूची जर्सी यांच्यात नेमका फरक कोणता.

उत्तर देणे अवघड नाही. बोधचिन्हाची परवानगी कुणाची. कपडा कुठे शिवला. खेळाडूच्या कपड्यापेक्षा कापड, शिवण आणि बेत यांत काय वेगळे आहे. कोणत्या सामन्यात वापरला असल्यास त्याचा पुरावा काय. गळ्यापाशी शिवलेल्या पट्टीवर एवढ्या चार ओळी मावतात. चौथ्या ओळीची व्यवस्था तर अमेरिकी बेसबॉल लीगने २००१पासून केली आहे. सामन्यात वापरलेल्या वस्तूवर क्रमांकाचा होलोग्राम लावतात आणि त्या क्रमांकावरून कुणालाही नोंद पाहता येते. म्हणजे दप्तर ठेवता येते, शिक्काही मारता येतो. लाखांच्या लिलावात जाणाऱ्या जर्सीसाठी हे केले जाते; पाच हजारांच्या जर्सीसाठी ते अजून सहसा केले जात नाही. तोवर दुकानात उभ्या असलेल्या चाहत्याने ‘ऑथेंटिक’ या शब्दाचे भाषांतर ‘अस्सल’ असे न करता ‘अधिकृत’ असे करावे, आणि तेवढ्यासाठी आपण किती पैसे द्यायला तयार आहोत ते ठरवावे.