पोच, ताळा आणि वेग : व्यापारी संदेशांची संगणकी देवघेव

एका पेढीने मालाची मागणी धाडावयाची व दुसरीने माल रवाना करून बीजक पाठवावयाचे, हा व्यवहार पूर्वी टपालाने चाले. दोन्हीकडचे कारकून तोच मजकूर पुनःपुन्हा उतरवीत आणि प्रत्येक नकलेत चुकीचा संभव असे. आता हे कागद संगणकच परस्परांना धाडतात. श्रम वाचले खरे; परंतु मजकुरावरून नजर फिरवून शंका काढणारा कारकूनही मधून गेला. त्याचे काम कोणी करावयाचे, हा या विषयातील खरा प्रश्न होय.

या पद्धतीचे मूळ १९४८-४९ मध्ये वेढलेल्या बर्लिनला विमानांनी रसद पोहोचविली गेली, त्या अनुभवात सापडते. मालाच्या याद्या नाना नमुन्यांत येत. एडवर्ड गिलबर्ट या अमेरिकी सार्जंटने व त्याच्या सहकाऱ्यांनी एकच ठराविक नमुना बसविला. तो दूरमुद्रकाने अथवा दूरध्वनीवरूनही कळविता येई. पुढे १९८७ मध्ये ‘एडिफॅक्ट’ हा आंतरराष्ट्रीय नमुना मान्य झाला.

एडिफॅक्टच्या संदेशाचा क्रमांक पहिल्या व शेवटच्या खंडात तोच असावा लागतो, आणि शेवटच्या खंडात एकूण किती खंड आहेत हेही सांगितलेले असते. वाटेत एक खंड गळाला तरी ते उघडकीस येते. याखेरीज ताळा ठेवता येतो. मागणीत १२ छत्र्या, ४० साबणवड्या व ५ कंदील असतील, तर ५७ ही बेरीज निराळी लिहावयाची. छत्र्या आणि साबण यांच्या बेरजेला अर्थ काहीच नाही. पण ४० चे ४ झाले की बेरीज २१ येते आणि चूक पकडली जाते. निरर्थक संख्येचा इतका उपयोग क्वचितच होत असेल!

संदेश पोहोचला की घेणाऱ्याचा संगणक पोच धाडतो. पोच आली नाही तर काय समजावे? मागणी हरवली असेल, किंवा केवळ पोच हरवली असेल. धाडणाऱ्याने मागणी पुन्हा पाठविली आणि क्रमांक पाहिला गेला नाही, तर एकाऐवजी दोन गाड्या माल दारात उभा राहील. भारतात १ ऑक्टोबर २०२० पासून प्रथम मोठ्या व्यापाऱ्यांची बीजके सरकारी प्रणालीत नोंदविली जाऊ लागली. तेथे विक्रेत्याचा करक्रमांक, दस्तऐवजाचा प्रकार, त्याचा क्रमांक व आर्थिक वर्ष यांवरून ६४ चिन्हांची खूण तयार होते. तेच बीजक पुन्हा आले तर तीच खूण निघते व ते नाकारले जाते.

या दक्षतेला वेळ लागतो. प्रत्येक पोच येण्यास २ सेकंद लागतात व ती आल्यावाचून पुढचा संदेश धाडावयाचा नाही असे ठरविले, तर तासाला १,८०० संदेशच जातील. ९,००० मागण्यांना ५ तास हवेत. म्हणून संदेश एकामागून एक सोडतात आणि पोचांची रुजुवात मागाहून क्रमांकावरून घालतात. वेग वाढतो, मात्र कोणत्या संदेशांची पोच बाकी आहे याची वही चोख ठेवावी लागते. ही वही न ठेवता मिळविलेला वेग फसवा समजावा.

शिवाय पोच म्हणजे संमती नव्हे. १०० पोत्यांच्या जागी मुळातच १,००० लिहिली गेली असतील, तर खंडांची संख्या जुळेल, ताळाही जुळेल आणि पोचही बिनबोभाट येईल. अशा वेळी त्या गिऱ्हाइकाच्या नेहमीच्या मागणीशी तुलना करून, फार मोठा फरक दिसताच संदेश अडवून माणसापुढे ठेवावा लागतो. मर्यादा किती असावी, हे मात्र धान्याच्या पेढीत आणि औषधांच्या पेढीत एकच असणार नाही.